म्हशी येत नाहीत

खाडीकाठ, लुइझियाना
२ मे २००६

चि. निमिष यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण एकच: म्हशी येत नाहीत. त्या आल्याशिवाय मला इथून हलता येत नाही, आणि मी हलल्याशिवाय तुझ्या काकांना तुझ्याकडे आणता येत नाही. फोनवर हे सांगून पाहिलं. तू ‘हो काकू, हो काकू’ म्हणत होतास आणि मागे तुझा की-बोर्ड वाजत होता. म्हणून कागद घेतला.

पहिल्यापासून सांगते, कारण तू तीन वर्षांपूर्वी चार दिवस येऊन गेलास आणि त्यातले दोन दिवस मगरी पाहण्यात घालवलेस.

काका युनिव्हर्सिटीतून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना गोल्फचा सेट दिला. त्यांनी तो विकला आणि ही दलदल भाडेपट्ट्याने घेतली. आपल्याकडच्या मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशी नव्हेत, पूर्वेकडच्या बेटांवरच्या दलदली म्हशी आणल्या: राखाडी अंग, गळ्याला पांढरे पट्टे, शिंगं मागे वळलेली. दूध रेडकाला पुरेल इतकंच. त्या मांसासाठी पाळायच्या. जिथे गाय गुडघाभर रुतते आणि खूर कुजून मरते तिथे ही म्हैस लठ्ठ होते, एवढं त्यांना सिद्ध करायचं होतं. मी त्यांची आकडेमोड केली. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलेली बायको फुकट मिळाली होती.

मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. लेक चार्ल्स या गावातले डॉक्टर म्हणतात, बोलणं परत यायचं असेल तर पहिले सहा महिने महत्त्वाचे, रोज उपचार हवेत. ते इथे मिळत नाहीत. तुझ्या घराजवळ मिळतात, आणि तू जागाही राखून ठेवली आहेस. ती जुलैअखेरपर्यंतच राहील हे मी विसरलेले नाही.

पण भाडेपट्टा असा आहे की शेवटचं जनावर बाहेर पडेपर्यंत आमच्यापैकी कुणीतरी इथे राहायचं. जनावर हमरस्त्यावर आलं आणि अपघात झाला तर जबाबदार आम्ही. जमिनीच्या मालकांना सप्टेंबरपासून बदकांच्या शिकारीसाठी दलदल द्यायची आहे. त्यांना ती मोकळी हवी.

गिऱ्हाईक आहे. शेजारचा लँड्री. गेल्या वर्षीच्या वादळात समुद्राचं पाणी आत आलं आणि त्याच्या सगळ्या गाई गेल्या. आपल्या म्हशी पोहत बांधावर गेल्या आणि पाणी उतरेपर्यंत तिथे रवंथ करत उभ्या राहिल्या. तेव्हापासून तो टोपी काढून बोलतो. मला ‘मिसेस डॉक’ म्हणतो. पण त्याची अट रास्त आहे: घराशेजारच्या कुंपणाच्या आवारात आलेल्या म्हशी तो घेईल, दलदलीत फिरणाऱ्या नाही.

पूर्वी रोज संध्याकाळी काका फाटकाशी उभे राहून ओरडायचे, “या गं बायांनो, याऽऽ!” आणि सगळा कळप पाण्यातून निथळत आवारात यायचा. भाताचा कोंडा आणि मळी खायचा, सकाळी परत जायचा. मार्चपासून एकही म्हैस आलेली नाही. मी ओरडून पाहिलं. लँड्रीनेही पाहिलं. तो ‘यागा बायानो’ म्हणतो. बगळे उडतात.

तू आला होतास तेव्हा व्हिडिओ कॅमेऱ्यावर काकांना म्हशी बोलावताना टिपलं होतंस. मला तो आवाज हवा. शोध आणि पाठव.

हिमानीला आशीर्वाद.

तुझी काकू,
प्रतिमा


क्युपर्टिनो
१४ मे २००६

ती. प्रतिमाकाकूस सा. न.

तुझं पत्र वाचताना खरंच की-बोर्ड बाजूला ठेवला. सॉरी. ऑफिसमध्ये रिलीज होतं, सगळे वीकेंड त्यात गेले.

टेप शोधतो. आम्ही मागच्या वर्षी घर बदललं तेव्हा बरेच खोके अतुलच्या गराजमध्ये ठेवले, त्यात असणार. अतुल म्हणजे हिमानीचा मावसभाऊ, सनीव्हेलला असतो. तो सध्या इंडियाला गेलाय, आला की लगेच बघतो.

पण काकू, एक बोलू का? रागावू नकोस. इतकं सगळं करायची खरंच गरज आहे का? तिकडे काऊबॉय मिळतात ना, घोडेवाले? ते एका दिवसात राउंडअप करतील. नाहीतर सरळ सगळं सोडून ये. फाटक उघडं टाक आणि ये. वकील वगैरे मी बघतो. काकांची ट्रीटमेंट महत्त्वाची का म्हशी?

पुण्याला आईशी बोललो. ती म्हणाली, प्रतिमाला सांग, कापायला देऊ नकोस, तिथेच सोडून दे, पुण्य लागेल. मी फक्त निरोप सांगतोय.

मला वाटतं तुझा त्यांच्यात जीव अडकलाय. दहा वर्षं म्हणजे कमी नाहीत. आय अंडरस्टँड.

खोली रेडी आहे. व्हीलचेअर जाईल असं दार करून घेतलंय. हिमानी रोज विचारते, कधी येणार.

तुझा,
निमिष


खाडीकाठ
२१ मे २००६

चि. निमिष यास आशीर्वाद.

तुझ्या मुद्द्यांना क्रमाने उत्तर देते.

घोडेवाले आले होते. लँड्रीनेच बोलावले. दोन घोडे पोटापर्यंत रुतले. एकाला दोर लावून काढावं लागलं. मग कुत्री सोडली. गाय कुत्र्याला पाहून पळते. म्हशींनी वर्तुळ केलं, रेडकं आत घेतली आणि डोकी खाली घातली. एक कुत्रं जखमी झालं. मग पंख्याची होडी आणली. तिच्या आवाजाने कळप फुटला आणि आणखी आत, वेताच्या रानात गेला. म्हणजे मदत घेण्याआधी मला त्यांच्या पाठी दिसत होत्या, आता त्याही दिसत नाहीत.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की सोडून दिलेली म्हैस पुण्य घेऊन बसत नाही. ती पाणी आटलं की हमरस्त्यावर येते आणि मिनी-व्हॅनमधून शाळेला निघालेली पोरं तिच्यावर आदळतात. ती जबाबदारी कुणाच्या नावावर लिहायची?

माझा जीव अडकलेला नाही. मी अडकले आहे. यातला फरक सॉफ्टवेअरवाल्याला कळायला हवा.

ही जनावरं मांसासाठी पाळली. मी स्वतः मांस खात नाही, पण वजनं मीच मांडली आणि एकही आकडा खोटा लिहिला नाही. खरं सांगायचं तर आकडे फार चांगले नव्हते. गाईचं वासरू दीड वर्षात बाजाराच्या वजनाला येतं. आपल्या रेडकाला तीन वर्षं लागतात. दलदलीच्या गवतावर आणि जलपर्णीवर दिवसाला जेमतेम चारशे ग्रॅम वाढ. दोन वेतांत दीड-पावणेदोन वर्षांचं अंतर. त्यात कातडं जाड, डोकं जड. शंभर किलोचं जनावर असेल तर सत्तेचाळीस किलो मांस हाती येतं, गाईचं अठ्ठावन्न. मी हे तोंडावर सांगायची. काका म्हणायचे, “अगं, पण हिच्या चाऱ्याला खर्च किती? औषधाला किती? आणि जिथे दुसरं काही जगतच नाही तिथे अठ्ठावन्न टक्के कशाचे काढतेस?” वादळानंतर मला गप्प बसावं लागलं. शून्य गाईंचे अठ्ठावन्न टक्के शून्यच.

त्यांच्या संशोधनलेखात मी एक वाक्य टाइप केलं होतं, ते हल्ली सारखं आठवतं: ‘मोकळ्या दलदलीतला कळपही पालकाचा आवाज ओळखतो व हाकेसरशी परत येतो, त्यामुळे या पद्धतीत मजूर लागत नाहीत.’ त्यावर सगळी पद्धत उभी आहे. पालकाचा आवाज गेला तर काय, हे लेखात नाही. मीही तेव्हा विचारलं नाही.

काकांना परवा घरी आणलं. आता दिवसभर खिडकीशी व्हीलचेअरवर असतात. इथला दिवस विचारलास तर: डास, दमट हवा, पलंगाची चादर बदलणे. स्वयंपाक असा नाहीच. मार्चपासून ब्रेड आणि दही खाते. त्यांना गिळायला त्रास होतो म्हणून आत इलेक्ट्रिक शेगडीवर पातेल्यात पेज शिजवते. मागच्या पडवीतल्या गॅसवर कोळ्यांनी जाळी विणली आहेत.

पिक-अप चालवून गावात जाते तेव्हाही तासाभरात परत यावं लागतं. काकांना एकटं ठेवता येत नाही. लँड्रीची बायको आली तर तेवढीच सुटका.

अतुलच्या गराजची वाट पाहू नकोस. कुलूप उघडायला त्याच्या घरात दुसरं माणूस असेलच.

काकू


क्युपर्टिनो
११ जून २००६

ती. काकूस सा. न.

उशीर झाला, मान्य. पण टेप मिळाली! अतुलच्या बायकोने गराज उघडून दिलं. खोक्यावर ‘किचन’ लिहिलं होतं आणि आत माझ्या जुन्या केबल्सच्या खाली टेप. आम्हा दोघांनाही शिंका येऊन येऊन वेड लागायची पाळी.

सोबत सीडी पाठवतोय. व्हिडिओतला ऑडिओ वेगळा काढला. ओरिजनलमध्ये खूप नॉइज होता: वारा, बेडूक, मागे घरातले आवाज, माझी बडबड. दोन रात्री बसून सगळं क्लीन केलं. काकांच्या हाकेच्या आधीचं सगळं ट्रिम केलं, हाक तेवढी ठेवली आणि ती लूप केली. क्वालिटी अगदी स्टुडिओसारखी आली आहे. गाडीच्या स्पीकरवर फुल व्हॉल्यूममध्ये लाव.

आवाज ऐकून हिमानी रडली. काका किती जोरात हसायचे, नाही?

थेरपीवाल्यांचा फोन आला होता. त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट आहे. जुलैच्या शेवटी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देतील आणि मग डिसेंबर उजाडेल. मी प्रेशर टाकत नाही, पण सांगायला हवं.

तुझा,
निमिष


खाडीकाठ
२० जून २००६

निमिष,

सीडी मिळाली. लावली. म्हशी आल्या नाहीत.

सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. पिक-अप फाटकाशी नेली, दोन्ही दारं उघडी ठेवली, कोंडा आणि मळी मांडली. लँड्री टोपी हातात घेऊन उभा. मी सीडी लावली आणि तुझे काका ओरडले, “या गं बायांनो, याऽऽ!” मी आवाज आणखी वाढवला.

वेतापलीकडे डोकी वर आली. पहिल्यांदाच, इतक्या आठवड्यांत. कान हलले. दोन-तीन जणी पाण्याच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. काही तरी राहिलंय आणि ते झाल्यावर निघायचंय अशा उभ्या राहिल्या. आवाज पुन्हा पुन्हा लागत राहिला. मग त्या वळल्या. लँड्री म्हणाला, “मिसेस डॉक, आवाज बरोबर आहे, पण माणूस नाही हे त्यांना कळतं.” मला असली वाक्यं आवडत नाहीत. पण दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनाच व्हीलचेअरसकट फाटकाशी नेलं. माणूसही होता आणि आवाजही. आल्या नाहीत. काकांना राग आला. डाव्या हाताने चाकावर मारत होते.

गेला महिनाभर ते एकच खूण करतात. डाव्या हाताची तीन बोटं वर करतात आणि माझ्याकडे पाहतात. तीन वाजताची गोळी आहे, ती देते. थुंकून टाकतात. तीन म्हशी कमी आहेत का, विचारलं. डोळे मिटतात. तीन उशा दिल्या. त्यांनी एक उशी फेकली. चाळीस वर्षं मी या माणसाचं अक्षर लावलं आहे, जे टायपिस्टलाही लागायचं नाही, आणि आता त्याची तीन बोटं मला वाचता येत नाहीत.

मालकांच्या वकिलाचं पत्र आलं. सप्टेंबरच्या आत दलदल मोकळी नसेल तर ते माणसं आणून म्हशी जागच्या जागी गोळ्या घालून संपवतील. मांस कुजेल, मगरी खातील. दहा वर्षांच्या कामाचा निष्कर्ष तो.

माझ्यापुढे आता दोन वाटा आहेत. काकांना एकटं तुझ्याकडे पाठवायचं आणि मी इथे राहायचं. ते माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीही पीत नाहीत. किंवा दोघांनी राहायचं आणि त्यांची वाचा जाऊ द्यायची. मी रोज सकाळी यातला एक पर्याय ठरवते आणि संध्याकाळी रद्द करते.

एक विचारते. तुझी पत्रं उशिरा येतात. खोली तयार आहे म्हणतोस, पण हिमानी स्वतः दोन ओळी लिहीत नाही. आम्ही यायला नको असू तर स्पष्ट सांग. मला स्पष्ट बोलण्याचा त्रास होत नाही.

काकू


क्युपर्टिनो
२८ जून २००६

ती. काकूस सा. न.

हे पत्र फेडएक्सने पाठवतोय. फोन करणार होतो, पण मग वाटलं, तू म्हणशील लिहून दे.

आधी हिमानीचं. तिला मराठी लिहिता येत नाही. बडोद्याला वाढली, गुजराती मीडियम. तुझ्यासारख्या काकूला चुका असलेलं पत्र कसं पाठवायचं म्हणून ती लिहीत नाही. तिने काकांसाठी बाथरूममध्ये बार स्वतः ड्रिल करून बसवलेत. आता कळलं?

आता मेन गोष्ट. तुझ्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. ‘काही तरी राहिलंय आणि ते झाल्यावर निघायचंय.’ मी विचार केला, मी जे कापलं त्यात काय होतं? म्हणून ओरिजनल टेप लावली, हेडफोन घालून, न कापलेली; पहिल्यांदा हाकेच्या आधीचं सगळं घाईत, बडबड म्हणून नीट न ऐकताच कापलं होतं.

काकू, काकांच्या हाकेच्या आधी एक आवाज आहे. मी तो नॉइज म्हणून काढून टाकला होता. तुझ्या कुकरची शिट्टी. मागच्या पडवीतली. पहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी झाली की काका ओरडतात. आणि व्हिडिओत नीट बघितलं तर पहिल्या शिट्टीलाच म्हशी पाण्यातून उठतात. दुसरीला चालायला लागतात. काका ओरडतात तेव्हा त्या अर्ध्या वाटेवर असतात!

मी तेव्हा कॅमेरा धरून त्यांना विचारतोय, “काका, आता बोलवा ना, लाइट जातोय.” आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहितो. आधी सांगावं की नाही कळत नव्हतं. हिमानी म्हणाली, नाही सांगितलंस तर मी सांगेन.

“थांब रे, तुझ्या काकूची तिसरी शिट्टी होऊ दे. मी घसा फोडतो तो उगीच. त्या तिच्या शिट्टीला येतात. तिला सांगू नकोस हं, नाहीतर कुकर लावायचा मोबदला मागेल.”

आणि मग ते हसतात. मी ते हसणंही ट्रिम केलं होतं.

तीन बोटं, काकू.

निमिष


खाडीकाठ
९ जुलै २००६

चि. निमिष यास आणि चि. हिमानीस अनेक आशीर्वाद.

हिमानीला सांग, चुका असलेलं पत्र मला चालतं. चुका नसलेली सीडी मात्र यापुढे पाठवू नका.

तुझं पत्र वाचलं आणि ते हातात तसंच धरून काकांसमोर गेले. म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं?” ते माझ्याकडे पाहत राहिले. मग डावा हात उचलला. तीन बोटं. मी म्हटलं, “लेखात काय लिहिलंत? पालकाचा आवाज? मी टाइप केलं ते! मोकळ्या दलदलीतला कळप हाकेसरशी परत येतो! आणि मी मेली मागच्या पडवीत वरणभात लावत होते!” निमिष, मी फार बोलले. चाळीस वर्षांत एवढी एकदम बोलले नव्हते. आणि भांडायला समोर वाचा नसलेला माणूस. तो अन्याय आहे, पण कुणावर ते मला ठरवता येईना. त्यांच्या तोंडाची डावी कड वर गेली. ते हसत होते. 

पडवीतली जाळी झाडली. गॅस लागत होता. कुकर फडताळाच्या तळाशी होता, रबरी रिंग वाळून कडक झालेली, दुसरी सापडली. नुसतं पाणी घालून लावणार होते. मग वाटलं, इतक्या महिन्यांनी लावते आहे तर वरणभात होऊन जाऊ दे.

लँड्रीला बोलावलं. काकांना पडवीत आणून बसवलं. लँड्री म्हणाला, “आज काय नवीन?” मी म्हटलं, “स्वयंपाक.”

पहिली शिट्टी झाली तेव्हा काही दिसलं नाही. वारा खाडीकडून होता, मला वाटलं आवाज उलटा गेला. दुसरीला वेत हलले. वाऱ्याने हलतात तसे नव्हे, एकाच जागी हलले, मग दुसऱ्या जागी. तिसरी झाली आणि मी फाटकाशी उभी होते, आणि मला कळलं की कुणीतरी ओरडायला हवं. मी ओरडले. “या गं बायांनो, याऽऽ!” आवाज फाटला. पण त्या त्याच्यासाठी येतच नव्हत्या, त्यामुळे बिघडलं नाही.

सगळा कळप आला. चिखलाने काळ्या, निथळत्या, शांत. म्हातारी पुढे, रेडकं मधे, दोन रेडे मागे. कुत्री, घोडे, होडी यांनी जे झालं नाही ते डाळ-तांदळाने झालं. लँड्री हॅट छातीशी धरून उभा होता आणि फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटत होता. त्या माझ्या शेजारून आत गेल्या, कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपल्यांत तोंडं घातली. मी फाटक लावलं आणि कडी घातली.

कडी घातल्यावर मला तिथून लगेच निघता आलं नाही. त्या विश्वासाने आल्या, असं तुझी आई म्हणेल. मी म्हणत नाही. त्या सवयीने आल्या. लँड्री माद्या आपल्या जमिनीवर ठेवणार आहे, तरणे रेडे पुढच्या हिवाळ्यात जातील. ते पहिल्यापासून ठरलेलं होतं आणि वजनं मीच मांडली होती. तरी ती शिट्टी माझी होती, हे आता मला माहीत आहे, आणि आधी माहीत नव्हतं.

मग काकांना वरणभात कालवून भरवला. अगदी मऊ करून. पाच घास नीट गिळले.

आम्ही अठरा तारखेच्या विमानाने येतो. व्हीलचेअर लागेल असं कंपनीला कळव. आमच्या खोलीचं दार रुंद केलंस, ते चांगलं केलंस. तिथे मी दिवसभर काय करणार, मला माहीत नाही. चालत जाता येईल असं वाचनालय आहे का, पाहून ठेव. आणि हिमानीला सांग, मी येते म्हणून नवा कुकर घेऊ नकोस. काही दिवस मला पातेल्यात शिजवायचं आहे. कुणी यायला नको, कुणी जायला नको.

खाली काल दिलेल्या ताब्याची नोंद उतरवते. इंग्रजी प्रत लँड्रीकडे आहे. ही तुझ्याकडे ठेव.

काकू


ताब्याची नोंद
८ जुलै २००६
देणार: शशिकांत (डाव्या हाताचा अंगठा) व प्रतिमा. घेणार: श्री. लँड्री.

म्हशी, व्यालेल्या: एकोणीस. पैकी एक म्हातारी, डाव्या शिंगाला चीर. ती पुढे चालते, तिला आधी विकू नये.
वगारी, अजून न व्यालेल्या: सात.
रेडे, पैदाशीचे: दोन.
तरणे रेडे, मांसासाठी: नऊ. वजनं वेगळ्या कागदावर, खरी.
रेडकं: सहा.
लोखंडी आवार, फाटक, कडी: सुटं करून श्री. लँड्री आपल्या जमिनीवर नेतील. कडी उचलून मग ओढावी, नाहीतर अडकते.
वजनकाटा, जनावरांचा: एक. दोन किलो कमी दाखवतो.
भाताचा कोंडा व मळी: पिंपात आहे तेवढी.
प्रेशर कुकर, पाच लिटरचा, शिट्टीसह: एक. जास्तीची रबरी रिंग: एक. आत निम्मं पाणी पुरेल. डाळ-तांदूळ सक्तीचे नाहीत. तिथेही पडवीतच लावावा, घरात नाही. फाटक तिसऱ्या शिट्टीआधी उघडं असावं. श्री. लँड्री यांनी स्वतः लावून तीन शिट्ट्या करून पाहिल्या. म्हशींनी माना वर केल्या. चालू स्थितीत मिळाला अशी त्यांची सही.
हाकेचे शब्द: शिकवले. लागत नाहीत, तरी म्हणेन म्हणतात.
काकांच्या आवाजाची सीडी: दिलेली नाही.